दुखणे घालवण्याचे आश्वासन न देणारा कार्यक्रम

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेला वैद्यकशास्त्र दीर्घकालीन वेदना म्हणते. अशा रुग्णांसाठी काही रुग्णालयांच्या वेदना-चिकित्सा विभागांत आता गटाने घेतले जाणारे कार्यक्रम चालतात. आठवड्यातून एक सत्र, ते सुमारे दोन तासांचे, दहा-बारा जणांचा गट आणि समोर आळीपाळीने डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ व परिचारिका, असे त्याचे साधारण स्वरूप असते. कंबर आणि डाव्या पायातील जुन्या दुखण्यासाठी मी अशा एका कार्यक्रमात सहभागी झाले व तो पूर्ण केला; त्याचे हे परीक्षण. संस्थेचे नाव मी देत नाही, कारण पुढे ज्या उणिवा सांगणार आहे त्यांतील बहुतेक या प्रकारच्या सेवेच्या रचनेतच आहेत, असे माझे मत झाले आहे. निष्कर्ष आधीच सांगून टाकते. दुखणे कायमचे जावे या अपेक्षेने जो येईल त्याची निराशा होईल. दुखण्यामुळे सुटलेली कामे ज्याला पुन्हा हाती घ्यायची आहेत, त्याने जरूर यावे. माझी मुख्य तक्रार एवढीच की, हा फरक आम्हाला इतक्या परिश्रमाने शिकवणारा कार्यक्रम स्वतःचे मूल्यमापन करताना मात्र तो विसरतो.

सुरुवात प्राथमिक तपासणीने होते आणि तो या सेवेचा सर्वांत चांगला भाग आहे. आधी एक कागद हाती दिला जातो, ज्यावर माणसाच्या शरीराची पुढची आणि मागची अशा दोन आकृती छापलेल्या असतात. जेथे दुखते तेथे खुणा करायच्या. जळजळीसाठी फुल्या, मुंग्यांसाठी टिंबे, ठणक्यासाठी तिरप्या रेघा. माझ्या कागदावर कंबरेपासून डाव्या पोटरीपर्यंत रेघांचा आणि फुल्यांचा एक पट्टा तयार झाला व पावलाशी नुसती टिंबे उरली. डॉक्टरांनी तो कागद बराच वेळ पाहिला आणि मग कापसाचा एक बोळा घेऊन आधी उजव्या पोटरीवरून व नंतर डाव्या पोटरीच्या बाहेरच्या बाजूवरून अलगद फिरवला. उजवीकडे कापूस कापसासारखाच लागला; डावीकडे त्याच बोळ्याने खरचटल्यावर तिखट लागावे तशी आग झाली. साध्या स्पर्शानेही वेदना होणे, हे चेतासंस्थेचेच कार्य बिघडल्याचे एक लक्षण असते आणि कोणतीही फिल्म ते दाखवू शकत नाही. याआधी ज्या ज्या दवाखान्यांत मी गेले होते तेथे पाय उचलून पाहिला गेला, गुडघ्यावर हातोडी मारून झाली, पण त्वचेला असे कोणी विचारलेच नव्हते.

वेदनेचा प्रकार विचारणे हा येथे निव्वळ सोपस्कार नसतो. जळजळ, मुंग्या, विजेचा झटका बसावा तशी कळ, असे वर्णन आले की चेतांच्या इजेचा संशय बळावतो. हालचालीबरोबर वाढणारा व विश्रांतीने ओसरणारा ठणका सांधे किंवा स्नायूंकडे बोट दाखवतो. आणि जेथे इजाही सापडत नाही व चेताही शाबूत दिसतात, पण वेदना मात्र खरी असते, अशा तिसऱ्या प्रकारासाठी आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने २०१७ मध्ये ‘नोसिप्लास्टिक’ ही संज्ञा स्वीकारली. एकाच माणसात हे तिन्ही प्रकार एकत्र नांदू शकतात. ज्यांना वर्षानुवर्षे ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, काळजी करू नका’ एवढेच ऐकावे लागले आहे, त्यांना आपल्या दुखण्यालाही काही नाव आणि काही यंत्रणा आहे हे कळणे, हा मोठाच दिलासा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, दीर्घकालीन वेदनेला प्रथमच स्वतंत्र जागा मिळाली. ही माहिती आमच्या गटाला पहिल्याच सत्रात मिळाली, आणि एक बाई ती वहीत लिहून घेत शेजारणीला म्हणाल्या, “हे मी घरी दाखवणार आहे.”

वेदना म्हणजे काय, या विषयावरचे सत्र फिजिओथेरपिस्टने घेतले आणि ते उत्तम झाले. वर उल्लेखिलेल्या आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने १९७९ मध्ये केलेली वेदनेची व्याख्या २०२० मध्ये सुधारली गेली. तिच्या सोबतच्या टिपांमध्ये दोन गोष्टी स्पष्टपणे नोंदवल्या आहेत: शरीरातून येणारा इजेचा संकेत आणि प्रत्यक्ष वेदना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एखादी व्यक्ती मला दुखते आहे असे सांगते, तेव्हा तिच्या सांगण्याचा मान राखला गेला पाहिजे. त्यानंतर रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेला ‘द्वार-नियंत्रण’ सिद्धांत समजावण्यात आला. वेदनेचे संकेत मेंदूकडे सरळ जात नाहीत. मज्जारज्जूत त्यांची छाननी होते, तेथे स्पर्शाचे संकेत त्यांना अडवू शकतात आणि वरून, मेंदूकडूनही, ते द्वार उघडण्याचे किंवा मिटण्याचे हुकूम येतात. कोपर आपटल्यावर आपण ते चोळतो, त्यामागे हेच कारण आहे. या सिद्धांतातील काही तपशील पुढे बदलले, परंतु वेदना ही वाटेत घडवली जाते, नुसती पोचवली जात नाही, हा त्याचा गाभा टिकला.

पुढची पायरी याहून महत्त्वाची होती. क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की, इजेनंतर मज्जारज्जूतील चेतापेशी अधिक संवेदनशील होतात व मग एरवी न दुखणारा संकेतही वेदनेच्या वाटेने जाऊ लागतो. माझ्या पोटरीवर फिरलेल्या कापसाच्या बोळ्याचा अर्थ मला येथे लागला. मूळ जखम भरून आल्यावरही ही वाढलेली संवेदनशीलता काहींमध्ये का टिकते आणि काहींमध्ये का ओसरते, याचे एकच एक उत्तर नाही. आनुवंशिकता, झोप, जुने आजार, दीर्घकाळचा ताण, अशी अनेक कारणे त्यात गुंतलेली असतात. फिजिओथेरपिस्टने हे न लपवता सांगितले, याबद्दल तिला पूर्ण गुण.

त्याच सत्राच्या उत्तरार्धात मात्र थोडे बिनसले. सर्वांनी आपापल्या एमआरआयच्या फिल्म आणायच्या होत्या व प्रत्येकाच्या मांडीवर कडा झिजलेले ते मोठे पाकीट होते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्याची माहिती देण्यात आली, ज्यात पाठदुखीची कोणतीही तक्रार नसलेल्या ३,११० लोकांच्या मणक्यांच्या तपासण्यांचे निष्कर्ष एकत्र केले होते. मणक्यांमधील गादीची झीज विशीतल्या निरोगी लोकांतही ३७ टक्के जणांत आढळली आणि ऐंशीच्या वयात ती ९६ टक्क्यांवर गेली. गादी बाहेर फुगण्याचे प्रमाण याच वयांत ३० पासून ८४ टक्क्यांपर्यंत वाढले. म्हणजे ‘गादी सरकली आहे’ हे वाक्य ऐकून जो धसका बसतो, तो बहुतेक वेळा त्या गादीपेक्षा अधिक नुकसान करतो. हे सारे ठीकच आहे. पण वर्षानुवर्षे त्या पाकिटाच्या आधारे आपले दुखणे इतरांना पटवून दिलेल्या माणसाला ते एकदम ऐकवले, तर त्याच्या पायाखालची जमीन सरकते. गटातील एका वयस्कर गृहस्थांनी पाकीट मिटले आणि विचारले, “म्हणजे मॅडम, इतकी वर्षं माझं दुखणं मनाचंच होतं, असं का?” त्यावर तिने दिलेले उत्तर मला आवडले: “तुमचं दुखणं खरंच आहे, काका. फिल्ममध्ये जे दिसतं त्यावरून किती दुखावं हे ठरत नाही, एवढंच मी म्हणते आहे.” हेच वाक्य सत्राच्या आरंभी आले असते, तर त्या गृहस्थांना प्रश्न विचारण्याची पाळी आली नसती. पुढच्या आठवड्यात गटातील दोघे आलेच नाहीत. रुग्णाला ‘तुझे खोटे आहे’ असे वाटू न देता ‘तुझ्या शरीरात तू समजतोस तेवढी मोडतोड नाही’ हे सांगणे फार अवघड असते, हे मान्य. परंतु ज्या सेवेचा पायाच हे सांगण्यावर उभा आहे, तिने त्याची तयारी अधिक काळजीने करायला हवी.

कामाच्या नियोजनावरील सत्रांसाठी मी या कार्यक्रमाची शिफारस करीन. दीर्घकाळ दुखणे सोसणाऱ्या बहुतेकांची एक ठराविक पद्धत पडून गेलेली असते. ज्या दिवशी बरे वाटते त्या दिवशी साचलेली सगळी कामे उरकायची, संध्याकाळी कंबर धरून बसायचे, पुढचे दोन दिवस अंथरुणात काढायचे आणि पुन्हा बऱ्या दिवसाची वाट पाहायची. प्रत्येक फेरीत करता येण्याजोगे काम थोडे थोडे घटत जाते. यावरचा उपाय ऐकायला क्षुल्लक वाटतो: दुखू लागले म्हणून थांबायचे नाही, वेळ झाली म्हणून थांबायचे. वॉशिंग्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत या विचाराचा पाया घातला. चांगल्या आणि वाईट अशा काही दिवसांत एखादे काम किती मिनिटे जमते ते मोजायचे, त्याच्या सरासरीच्याही थोडे खाली आपली मर्यादा ठरवायची आणि मग बरे वाटो वा न वाटो, तेवढेच करायचे. काही दिवसांनी ती मर्यादा किंचित वाढवायची.

लिहिताना हे सोपे वाटते. प्रत्यक्षात धुतलेल्या कपड्यांचा ढीग समोर असताना, कंबर मुळीच कुरकुरत नसताना, हाताला लय सापडलेली असताना घड्याळाची घंटी वाजते आणि अर्धवट घडी केलेली चादर तशीच टाकून उठायचे असते. घरातले लोक चमकून पाहतात. काल कण्हणारी बाई आज ठणठणीत दिसत असूनही काम सोडून आडवी झाली, याचा अर्थ त्यांना लागत नाही. म्हणूनच कुटुंबीयांसाठी ठेवलेले सत्र मला फार मोलाचे वाटले. त्यात सांगितले गेले की, हातातले काम काढून घेणारी अतिकाळजी आणि ‘नाटक करते’ असे म्हणणारा अविश्वास, या दोन्हींचा परिणाम शेवटी सारखाच होतो. माणूस हालचाल कमी करतो. कार्यक्रमात असे सत्र एकच होते. ते निदान दोनदा, तेही सुरुवातीला आणि मधे, व्हायला हवे होते.

व्यायामाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. कोणताही एक व्यायाम सर्वश्रेष्ठ असल्याचा दावा केला गेला नाही, जो करावासा वाटेल व नियमित जमेल तो करावा एवढेच सांगितले गेले, आणि हे उपलब्ध पुराव्याला धरूनच आहे. औषधांचे सत्रही नेटके होते. अमिट्रिप्टिलिनसारखी मूळची नैराश्यावरची औषधे कमी मात्रेत चेतांच्या वेदनेवर का दिली जातात, गॅबापेंटिन व प्रीगाबालिन कोणासाठी उपयोगी आहेत, अफूवर्गीय औषधे अनेक महिने चालू ठेवल्याने लाभ अनिश्चित आणि सवय लागण्याचा धोका मात्र निश्चित का असतो, आणि यांपैकी कोणतेही औषध मनाने एकदम का बंद करू नये, हे स्पष्ट केले गेले. डोकेदुखीच्या एका रुग्णाला तेथेच उलगडा झाला की, साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून पंधरा किंवा त्याहून अधिक दिवस, अनेक महिने घेतल्यास त्या गोळ्याच डोकेदुखी वाढवू शकतात. ही गोष्ट गोळीच्या वेष्टनावर ठळक अक्षरांत का छापत नाहीत, हा त्याचा प्रश्न रास्त होता.

टेन्स नावाचे, त्वचेवर चिकटपट्ट्या लावून सौम्य विद्युतप्रवाह देणारे यंत्र काही दिवस वापरायला दिले गेले. ते चालू असताना गुदगुल्या होतात व लक्ष थोडे उडते. बंद केल्यावर परिणाम लवकरच ओसरतो, असा माझा अनुभव. ब्रिटनमधील नाइस या संस्थेने २०२१ मध्ये दिलेल्या सूचनांत, ठोस कारण न सापडलेल्या प्राथमिक दीर्घकालीन वेदनेसाठी हे यंत्र देऊ नये असे म्हटले आहे आणि त्याच सूचनांत पॅरासिटामोल व अफूवर्गीय औषधेही नव्याने सुरू करू नयेत असे सांगून व्यायाम, मानसोपचार व काही नैराश्यरोधक औषधे यांचा पर्याय दिला आहे. यंत्र विकत घेण्याआधी कोणाकडून तरी उसने मिळत असेल तर ते वापरून पाहणे शहाणपणाचे ठरेल.

मानसशास्त्रज्ञांच्या सत्रांबद्दल माझे मत संमिश्र आहे. हालचालीने काहीतरी मोडेल या भीतीमुळे हालचाल टाळणे, टाळल्याने स्नायू दुबळे होणे आणि मग खरोखरच अधिक दुखणे, ही साखळी त्यांनी छान उलगडली. परंतु तेरा प्रश्नांची जी प्रश्नावली भरून घेतली, तिच्यात वेदनेविषयीचे विचार रुग्ण किती वाढवून करतो हे मोजले जाते, आणि ती कशासाठी आहे हे आधी न सांगता पुढ्यात ठेवली, तर ती आरोपपत्रासारखी वाटते. झोपेला अर्धेच सत्र मिळाले, हे तर अनाकलनीय होते. रात्री झोप तुटली की दुसऱ्या दिवशी वेदना वाढते, हे गटातील प्रत्येक जण स्वतःहून सांगत होता आणि संशोधनही तेच सांगते. श्वासावर लक्ष केंद्रित करण्याची ध्वनिफीत ठीक होती. तिच्यातील आवाज इतका गोड होता की मला चिडच यायची, पण गटातील काही जणांना तिच्यामुळे झोप लागू लागली, हेही नमूद करायला हवे.

सोयींचे म्हणाल तर, पाठदुखीच्या रुग्णांसाठी घट्ट प्लॅस्टिकच्या खुर्च्या ठेवणाऱ्याला काय म्हणावे? मध्येच उठून उभे राहण्याची, भिंतीला टेकण्याची, खाली चटईवर आडवे होण्याची मुभा होती आणि ती कोणी वापरली तर कोणी वळून पाहत नसे. या एका गोष्टीमुळे खुर्च्या माफ करता आल्या. सत्राची वेळ सकाळची होती, तेव्हा ज्यांचे सांधे उठल्यावर तासभर आखडलेले असतात त्यांचे हाल होत. अर्धशिशी, शस्त्रक्रियेनंतरची वेदना, फायब्रोमायाल्जिया (अंगभर दुखत राहण्याचा आजार) आणि कंबरदुखी असलेल्यांना एकाच गटात बसवणे मला सुरुवातीला गैर वाटले, पण नियोजन व झोप यांविषयीच्या अडचणी सगळ्यांच्या इतक्या सारख्या निघाल्या की ती तक्रार मी सोडून दिली.

वेगवेगळ्या तज्ज्ञांनी एकत्र बसून वेदनेचा रुग्ण पाहावा, ही कल्पना मुख्यतः जॉन बोनिका या भूलतज्ज्ञाची. दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांवर उपचार करताना त्यांना जाणवले की, काही वेदना एकट्या डॉक्टरच्या आवाक्यातल्या नसतात. बोनिका तरुणपणी पैसे मिळवण्यासाठी व्यावसायिक कुस्ती खेळत आणि त्या कुस्त्यांची दुखणी त्यांना जन्मभर पुरली, हे त्यांच्याविषयी अवश्य सांगितले पाहिजे. आज या कार्यक्रमांच्या उपयोगाबद्दलचा पुरावा काय सांगतो? वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या मानसोपचारांविषयीच्या २०२० च्या आढाव्यात ७५ अभ्यास विचारात घेतले गेले, आणि ज्या पद्धतीवर हे कार्यक्रम बरेचसे बेतलेले असतात त्या बोधात्मक वर्तनोपचाराचा, म्हणजे विचारांच्या व वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणाऱ्या उपचाराचा, वेदना, अक्षमता व मनस्ताप या तिन्हींवर होणारा लाभ लहान असल्याचे आढळले. लहान, पण शून्य नव्हे. ज्या आजारात बहुतेक उपायांचा लाभ लहानच असतो, त्यात ही नोंद तुच्छ मानण्यासारखी नाही.

आता मुख्य तक्रारीकडे येते. प्रवेशाच्या वेळी आमच्याकडून जी प्रश्नावली भरून घेतली, तिच्यात वेदनेची तीव्रता शून्य ते दहा या मापावर विचारली होतीच, शिवाय चालणे, काम, झोप, मनःस्थिती, इतरांशी संबंध, दैनंदिन व्यवहार आणि जगण्यातला आनंद या सात बाबींत वेदना किती आड येते हेही विचारले होते. मधल्या सगळ्या आठवड्यांत आम्हाला शिकवले गेले की, आकडा दुय्यम आहे, आयुष्यात ती किती आड येते हे पाहा. आणि अखेरच्या दिवशी जो अर्ज हाती आला त्यात फक्त दोनच प्रश्न होते: आज वेदना दहापैकी किती, आणि आपण सेवेबाबत समाधानी आहात का. मी आलेली असताना माझा आकडा सहा होता, निघताना पाच. औषधांच्या चाचण्यांमध्ये साधारणपणे तीस टक्के किंवा दोन अंकांची घट झाली तरच ती रुग्णाच्या दृष्टीने अर्थपूर्ण मानतात. त्या हिशेबाने माझ्या बाबतीत कार्यक्रम नापास ठरतो. प्रत्यक्षात मी आता रांगेत उभी राहू शकते, दोन मजले न थांबता चढते, आणि दुखणे उसळले तर काय करायचे याचा कागद कपाटाच्या दाराला आतून लावलेला असल्यामुळे रात्री घाबरून दवाखाना गाठत नाही. यातले काहीही नोंदवायला त्या अर्जात जागा नव्हती. मी अर्जाच्या मागच्या बाजूला लिहिले. ते कोणी वाचले की नाही ते मला माहीत नाही.

याच दोषाची दुसरी बाजू म्हणजे पाठपुरावा. शेवटच्या सत्रानंतर सर्व संपर्क तुटतो. नव्या सवयी मोडतात त्या नेमक्या पुढच्या काही महिन्यांत, एखादा जोरदार ठणका येऊन गेल्यावर. तेव्हा एक भेट किंवा दूरध्वनी मिळाला तर बराच फरक पडेल.

ज्यांना पायात नव्याने अशक्तपणा आला आहे, लघवी वा शौचावरचा ताबा सुटला आहे, ताप किंवा विनाकारण वजन घटत आहे, अथवा पूर्वी कर्करोग होऊन गेला आहे व वेदना नवीन आहे, त्यांनी अशा कार्यक्रमात नाव घालण्याआधी तातडीने डॉक्टरांची तपासणी करून घ्यावी. इतरांनी नाव नोंदवताना तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: कुटुंबीयांना सत्रात येता येते का, झोपेवर पूर्ण सत्र आहे का, आणि कार्यक्रम संपल्यानंतर तीन व सहा महिन्यांनी पुन्हा बोलावतात का. तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर गटातल्या दोघा-तिघांशी पहिल्या आठवड्यातच ओळख वाढवून ठेवावी. आमच्या गटातील काही जणी अजूनही एकमेकींना फोन करून कोणाची मर्यादा किती मिनिटांवर आली ते विचारतात.